ट्रकचं इंजिन ठोकतंय? खोलण्याआधी आवाज कुठला ते असं शोधा

ट्रकच्या इंजिनातून ठोका यायला लागला की बऱ्याच गॅरेजमध्ये पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "इंजिन खोलावं लागेल." कधीकधी ते खरंही निघतं. पण तोच आवाज बिघडलेल्या नोझलचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग), सैल टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणारी यंत्रणा) किंवा ब्रेकसाठी हवा भरणाऱ्या कंप्रेसरचाही असू शकतो, आणि त्यातल्या कशासाठीच इंजिन खाली उतरवावं लागत नाही. खालचा क्रम सहा सिलिंडरच्या डिझेल ट्रकसाठी लिहिला आहे. चार सिलिंडरलाही तो तसाच लागू पडतो.

आधी ऑइल

गाडी सपाट जागी घ्या, हँडब्रेक लावा, चाकांना उटी लावा. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा आणि डिपस्टिक काढा. ऑइल कमी असेल तर भरा, पण ते गेलं कुठे हा प्रश्न उरतोच. ऑइल खुणेच्या वर गेलं असेल तर तेही वाईटच, कारण त्यात डिझेल किंवा पाणी उतरत असू शकतं. दोन बोटांत चोळून वास घ्या. डिझेल मिसळलं असेल तर वास येतो आणि ऑइल पातळ लागतं. पाणी मिसळलं की ते दुधाळ दिसतं.

आता ऑइलचं प्रेशर. कमिन्सच्या जुन्या ६बीटी इंजिनाला गरम असताना आयडलवर (रेस न देता) किमान १० पीएसआय आणि पूर्ण वेगात ३० पीएसआय प्रेशर लागतं. इतर इंजिनांचे आकडे त्यांच्या पुस्तकात पाहा. केबिनमधल्या काट्यावर भरवसा न ठेवता सेन्सरच्या जागी साधं मेकॅनिकल गेज लावून बघा. जड, खोल ठोका येतोय आणि प्रेशरही पडलंय, असं दोन्ही एकदम असेल तर पुढची कुठलीही तपासणी इंजिन चालू ठेवून करू नका. गाडी टो करून न्या. "गॅरेजपर्यंत हळूहळू नेतो" म्हणून नेलेल्या गाडीचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. मग बेअरिंगच्या खर्चात भागलं असतं तिथे नवा ब्लॉक घ्यावा लागतो.

ड्रायव्हरला विचारा

आवाज कसा येतो हे विचारून फार काही हाती लागत नाही. प्रत्येक जण आपापल्या परीनं टकटक, खटखट, धडधड सांगतो. कधी येतो ते विचारा. डिझेल भरल्यानंतर लगेच सुरू झाला? मग पाणी किंवा भेसळ. डिझेल पंप उतरवून परत बसवला, त्यानंतर? मग टायमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ चुकली. इंजिन एकदा तापलं होतं, त्यानंतर? मग पिस्टन आणि लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) यांच्याकडे संशय जातो.

सकाळी थंड इंजिनात जोरात येणारा आणि गरम झाल्यावर कमी होणारा आवाज बहुधा पिस्टनचा असतो. पिस्टन तापून फुगतो आणि लायनरमधली जागा भरून निघते. याउलट, थंडपणी शांत असलेलं इंजिन तापल्यावर ठोकायला लागलं तर बेअरिंगचा विचार करा, कारण गरम ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या बेअरिंगमध्ये टिकत नाही. खंबाटकीसारख्या चढावर, भरलेल्या गाडीत, लोड घेताना आवाज वाढतो का, हेही विचारा. टॅपेटच्या आवाजाला लोडनं फारसा फरक पडत नाही.

थोडी टकटक डिझेल इंजिनात असतेच. डिझेल सिलिंडरमध्ये गेल्यावर पेटायला क्षणभर लागतो. तेवढ्यात साठलेलं डिझेल एकदम भडकतं, त्याचा तो आवाज. थंडीत हा वेळ वाढतो म्हणून आवाजही वाढतो. बीएस-६ गाड्यांसारख्या कॉमन रेल इंजिनात (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) मुख्य फवाऱ्याआधी थोडंसं डिझेल सोडलं जातं, त्यामुळे ती इंजिनं मुळातच शांत असतात. जुन्या पंपाच्या गाडीवर वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला बीएस-६ गाडीतला ठोका लवकर कळत नाही, तो यामुळेच.

जागा शोधा

लांब पेचकस घ्या, टोक इंजिनाला टेकवा आणि मूठ कानाच्या हाडाला लावा. साधा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तमच. त्याआधी गळ्यातला गमछा काढून ठेवा, बाह्या वर करा. फॅन आणि बेल्टजवळ वाकून हे काम करायचं आहे.

टॅपेट कव्हर, प्रत्येक नोझलच्या बाजूचं हेड, ब्लॉकची बाजू, ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी), पुढचं टायमिंग कव्हर, मागचं फ्लायव्हील हाऊसिंग, अशा क्रमानं फिरा. आवाज धातूतून सगळीकडे पसरतो, म्हणून एका जागी "सापडला" असं म्हणू नका. सगळ्या जागा ऐकून जिथे तो सगळ्यात टोकदार येतो ती धरा.

ठेकाही बघा. आयडलला इंजिन ६०० आरपीएमवर असेल तर क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) सेकंदाला १० फेरे मारतो आणि व्हॉल्व्ह चालवणारा कॅमशाफ्ट ५. टॅपेटचा, किंवा एकाच सिलिंडरच्या नोझलचा ठोका सेकंदाला ५ वेळा येतो. फ्लायव्हील किंवा पुढच्या पुलीतला साधारण १० वेळा. कानानं मोजणं अवघड आहे. मोबाइलवर रेकॉर्ड करून पाव वेगानं ऐका.

एकेक सिलिंडर बंद करून बघा

सगळ्या क्रमात मला सर्वांत जास्त विश्वासाची वाटणारी पायरी हीच. जुन्या इनलाइन पंपाच्या इंजिनात आयडलवर एका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करायचा, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. हातमोजे, चष्मा घाला आणि सांध्यावर जाड फडकं टाका. दाबाखालचं डिझेल कातडीत घुसतं. नट परत आवळून पुढच्या सिलिंडरला जा.

कॉमन रेल इंजिनात हे अजिबात करू नका. तिथे दाब हजार बारच्या वर जातो आणि त्या धारेनं बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. तिथे स्कॅनर लावून सिलिंडर कट-आउट टेस्ट करायची. स्कॅनर नसलेल्या गॅरेजमध्ये बीएस-६ गाडीचा ठोका शोधायला न गेलेलं बरं.

आता निकाल. डिझेल तुटताच आवाज साफ गेला तर बहुतेक नोझल दोषी. सोबत धूरही असेल तर शंका पक्की होते. जुन्या इंजिनात ते नोझल दुसऱ्या सिलिंडरवर लावून बघा. आवाज त्याच्यासोबत गेला तर प्रश्न सुटला. आवाज गेला नाही पण बराच मऊ पडला, तर त्या सिलिंडरचं बिग एंड बेअरिंग (रॉड आणि क्रँकच्या सांध्यातलं) किंवा पिस्टन. एका ठोक्याचे दोन झाले तर गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी). कुठलाही सिलिंडर तोडून काहीच बदललं नाही, तर आवाज मेन बेअरिंगचा (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यावर फिरतो त्याचा) तरी आहे किंवा मुळात सिलिंडरचा नाहीच.

सोंगं

हवेचा कंप्रेसर यातला पक्का बहुरूपी. गिअरवर चालणारा कंप्रेसर झिजला की अगदी इंजिनातूनच ठोकल्यासारखं वाटतं. टाक्या भरू द्या. साधारण ८ बारला हवा सुटल्याचा फुस्स आवाज येतो आणि कंप्रेसर रिकामा फिरू लागतो. त्या क्षणी ठोका बदलला? आता ब्रेक पेडल पाच-सहा वेळा दाबून प्रेशर उतरवा. कंप्रेसर परत लोड घेताना ठोकाही परत आला, तर इंजिनाला हात लावायचं कारण नाही.

क्लच दाबून बघा. आवाज बदलला तर क्लच प्लेट किंवा गिअरबॉक्सकडे जा. बेल्ट काढून काही सेकंद चालवा. आवाज थांबला तर पाण्याचा पंप किंवा अल्टरनेटर. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं तरी टिकटिक येते, पण तिथे काजळीची काळी रेघ दिसते. फाउंडेशनचं रबर (इंजिन ज्यावर बसतं ते) गेलं असेल तर इंजिन चालू-बंद करताना धक्का बसतो.

टॅपेट

स्वस्तातलं काम आहे, म्हणून खोलण्याआधी करून घ्या. थंड इंजिन, फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), आणि त्या इंजिनाचाच आकडा. ६बीटीला इनलेट ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर. गॅप लावूनही टकटक राहिली तर रॉकर आणि पुशरॉड बघा.

चेंबर खोलायचंच ठरलं तर

आधी ऑइल फिल्टर कापा. कागद पसरून उन्हात धरा आणि लोहचुंबक फिरवा. चिकटणारा चुरा पोलादी भागांचा. चिकटत नाही पण तांबूस चमकतो, तो बेअरिंगच्या आतल्या थराचा, म्हणजे वरचा थर केव्हाच गेलेला. इतकं दिसल्यावर आवाजावर वाद घालायचं उरत नाही.

चेंबर उतरवून प्रत्येक रॉड हातानं हलवा. क्रँकच्या लांबीत, डावी-उजवीकडे तो थोडा सरकायलाच हवा; त्याला घाबरू नका. वर-खाली खेळ जाणवला तर ते बेअरिंग गेलं. मग क्रँक मायक्रोमीटरनं मोजूनच ठरवा. क्रँक घासायची वेळ आली तर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या क्रँकसाठीचं) बेअरिंग लागेल. काही क्रँकना घासल्यावर परत कडक करावं लागतं, ते लेथवाल्याला आधीच विचारा.

बेअरिंग कशामुळे गेलं हे न बघता नवं बसवलं तर तेही जाईल. चेंबरमधली जाळी तुंबली आहे का, ऑइल पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह ठीक आहेत का, ऑइलमध्ये डिझेल उतरत होतं का, हे तपासा. सगळं बांधल्यावर लगेच स्टार्ट मारू नका. डिझेल बंद ठेवून थोडं थोडं सेल्फवर फिरवा, गेजवर प्रेशर दिसू द्या, आणि मगच डिझेल सोडा.