थकवा जात नाही, पण थायरॉइड ‘नॉर्मल’ आहे : उत्तर कसं शोधायचं?

दोन वर्षं मी एकच तपासणी पुन्हा पुन्हा करून घेत राहिले. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे, दुपारी तीन वाजले की डोळे मिटायला लागायचे, बाकीचे पंखा वाढवत असताना मी स्वेटर शोधत असायचे. ‘थायरॉइड बघून घे’ असं कुणीतरी म्हणालं आणि ते डोक्यात पक्कं बसलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडसाठी केली जाणारी पहिली रक्ततपासणी, एकदा ३.१ आलं, मग २.८, मग ३.४. प्रत्येक वेळी ‘नॉर्मल आहे’ ऐकून मी हिरमुसून परत यायचे. आजार निघाला नाही याचं वाईट वाटणं किती विचित्र असतं, हे त्यातून गेलेल्यालाच कळेल.

शेवटी जे सापडलं ते थायरॉइड नव्हतंच. त्याकडे पुढे येते. तपासणी तिचं काम चोख करत होती, ‘थायरॉइड नाही’ असं स्पष्ट सांगत होती. ‘मग काय?’ हा प्रश्न मात्र मी कुणालाच विचारत नव्हते. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नापर्यंत लवकर पोचता यावं म्हणून. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सुरू करणं, बंद करणं, मात्रा बदलणं हे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच.

१. थांबायचं नाही अशी लक्षणं आधी वेगळी काढा

छातीत दुखणं, स्वस्थ बसलेलं असतानाही नाडी खूप जोरात किंवा अनियमित चालणं, गोंधळल्यासारखं बोलणं, अंग थंड पडून गुंगी येणं : यात डायरी वगैरे लिहीत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. गळ्यात वाढत जाणारी गाठ, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, गिळताना अडकणं, प्रयत्न न करता घटणारं वजन यांसाठी याच आठवड्यात भेट घ्या. आणि जास्त चालणाऱ्या थायरॉइडसाठी कार्बिमॅझोल घेत असाल आणि ताप किंवा घसादुखी सुरू झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या असतात. ही सूचना गोळी सुरू करताना मिळते आणि नंतर हमखास विसरली जाते.

२. दोन आठवडे लिहून काढा

‘थकवा येतो’ हे वाक्य डॉक्टर दिवसातून वीस वेळा ऐकतात. त्यापेक्षा ‘पूर्वी दोन जिने एका दमात चढायचे, आता पहिल्याच वळणावर थांबते’ असं लिहा. काय करता येत नाही, केव्हापासून, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, इतकं पुरे. सोबत सकाळी उठल्याउठल्या मोजलेली नाडी, आठवड्यातून एकदा वजन, झोपेचे तास, पोट साफ होण्याची स्थिती, आणि पाळी येत असेल तर तिच्या तारखा आणि रक्तस्राव किती झाला ते.

मग एक प्रश्न स्वतःला विचारा : शेवटचं ठणठणीत कधी वाटलं होतं? त्यानंतर काय घडलं? या उत्तरात बरंच काही दडलेलं असतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइडला सूज येऊ शकते. आधी काही आठवडे धडधड आणि अस्वस्थता, मग काही महिने सुस्ती, आणि बऱ्याच जणींमध्ये हळूहळू सगळं पूर्ववत. विषाणूजन्य आजारानंतर गळ्याच्या पुढच्या भागात दुखणारी सूज येते, तीही याच क्रमाने जाऊ शकते. लिथियम (मनःस्थितीच्या आजारांसाठी) आणि अमिओडॅरोन (हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी) ही औषधं थायरॉइडचं काम बिघडवू शकतात. घरात कुणाला थायरॉइडचा आजार, टाइप १ मधुमेह, सीलिएक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) किंवा कोड असेल तर तेही लिहा, कारण हे सगळे एकाच कुळातले, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्यातून होणारे आजार आहेत.

गोळ्यांच्या यादीत केसांसाठी घेतलेल्या सप्लिमेंटचाही समावेश करा. का, ते पुढच्या पायरीत.

३. तपासणी नीट करून घ्या

आधी टीएसएच म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. थायरॉइड ही गळ्यात पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. ती मुख्यतः टी-४ बनवते आणि शरीर गरजेनुसार त्याचं जास्त प्रभावी असं टी-३ करून घेतं. टीएसएच मात्र थायरॉइडमधून येत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. कामावरच्या मुकादमासारखं हे आहे. कामगार ढिले पडले की मुकादमाचा आवाज चढतो, आणि ते गरजेपेक्षा जास्त काम करू लागले की तो गप्प बसतो. म्हणून टीएसएच वाढलेलं म्हणजे थायरॉइड कमी पडतंय, आणि टीएसएच अगदी खाली गेलेलं म्हणजे थायरॉइड जास्त चाललंय. टी-४ जरासं घसरलं तरी मुकादम कितीतरी पटीने ओरडतो, त्यामुळेच पहिली तपासणी टीएसएचची करतात.

पण मुकादमच झोपला असेल तर? पिट्युटरी आजारी असेल तर टी-४ कमी असूनही टीएसएच ‘नॉर्मल’ दिसू शकतं. हे क्वचित घडतं. तरी थकव्यासोबत नवीन डोकेदुखी, नजरेच्या कडा अंधुक होणं, पाळी थांबणं किंवा बाळाला पाजत नसताना स्तनातून दूध येणं असं काही असेल, तर फ्री टी-४ (रक्तात मोकळं फिरणारं टी-४) सोबत तपासायला हवं का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

बायोटिन हे जीवनसत्त्व केस-नखांच्या सप्लिमेंटमध्ये भरपूर असतं आणि अनेक लॅबमधल्या चाचण्यांमध्ये ते लुडबूड करतं. टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त येऊ शकतं, म्हणजे थायरॉइड जास्त चालल्याचा हुबेहूब देखावा. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवा. मात्रा मोठी असेल तर किती दिवस आधी थांबवायचं ते विचारून घ्या. तापात किंवा मोठ्या आजारपणात केलेली थायरॉइडची तपासणीही फसवी असते, बरं झाल्यावर करा. टीएसएच रात्री आणि पहाटे चढलेलं असतं, दुपारी उतरतं, तेव्हा शक्यतो एकाच लॅबमध्ये, सकाळच्या साधारण एकाच वेळी रक्त द्या.

काय तपासायचं? टीएसएच आणि फ्री टी-४ पासून सुरुवात. टीएसएच वाढलेलं असेल तर अँटी-टीपीओ अँटीबॉडी, म्हणजे शरीराने स्वतःच्या थायरॉइडविरुद्ध बनवलेली प्रथिनं. कमी असेल तर टी-३ आणि पुढे ग्रेव्हज आजाराच्या (प्रतिकारशक्तीच्या गोंधळाने थायरॉइड जास्त चालण्याच्या) अँटीबॉडी. रिव्हर्स टी-३ (टी-३ चं निष्क्रिय रूप) नावाच्या तपासणीची भलतीच चर्चा होते, मला तरी ती पैसे वाया घालवणारी वाटते. सोनोग्राफी गाठ किंवा सूज जाणवली तर करायची, निव्वळ थकवा आहे म्हणून नाही. नाहीतर निरुपद्रवी बारीक गाठी सापडतात आणि थकव्यात काळजीची भर पडते.

४. आकडा वाचा, पण जुन्या आकड्यांसोबत

प्रौढांसाठी टीएसएचची मर्यादा बऱ्याच लॅबमध्ये साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ अशी छापलेली असते. ही मर्यादा समूहाची. प्रत्येक माणसाचा स्वतःचा पट्टा त्याहून बराच अरुंद असतो. म्हणून कपाटातले जुने रिपोर्ट शोधा. वर्षानुवर्षं १ च्या आसपास राहिलेलं टीएसएच आता ४ झालं असेल, तर ते डॉक्टरांना दाखवण्यासारखं आहे. कायमच ३ असणाऱ्याला ३.४ येणं म्हणजे काहीच नाही. (माझं तेच होतं. मी मात्र त्या किरकोळ फरकावर आठवडाभर विचार केला होता.)

टीएसएच ४.५ ते १० च्या मध्ये आणि फ्री टी-४ व्यवस्थित, याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात. इथे घाई नको. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं की बऱ्याच जणांचं टीएसएच आपसूक खाली आलेलं असतं. १० च्या वर टिकून राहिलं तर बहुतेक डॉक्टर उपचाराकडे झुकतात. उतारवयात टीएसएच थोडं चढतंच, त्यामुळे सत्तरीतल्या माणसाला पंचविशीतल्या माणसाचा नियम लावू नये. गर्भारपण असेल किंवा तसा विचार असेल तर मर्यादा वेगळ्या आणि घाई खरी, ते पहिल्या वाक्यातच सांगा.

अँटी-टीपीओ वाढलेलं पण टीएसएच ठीक असेल तर त्याचा अर्थ पुढे थायरॉइड मंदावण्याची शक्यता जास्त आहे, म्हणून वर्षातून एकदा तपासत राहायचं. आजचा थकवा त्यामुळेच आहे, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

५. थायरॉइडचं दार बंद झालं तर पुढचं ठोठवा

नीट केलेल्या दोन तपासण्या व्यवस्थित आल्या की थायरॉइडला सोडा. इथे माझी दोन वर्षं गेली. एका डॉक्टरांनी पाळीच्या नोंदी वाचल्या आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगितला. तो ९ निघाला. हिमोग्लोबिन १२.१ होतं, म्हणून ‘रक्त चांगलं आहे’ असं मी सगळ्यांना सांगत फिरत होते. साठा रिकामा होतो आणि हिमोग्लोबिन बराच काळ तग धरतं, हे मला ठाऊक नव्हतं. केस गळणं, थकवा, थंडी वाजणं हे सगळं लोहाच्या कमतरतेतही होतं.

तुमचं उत्तर वेगळं असू शकेल. बी-१२ ची कमतरता (मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत विशेष), मधुमेह, मूत्रपिंड किंवा यकृताचे त्रास, वाढलेलं कॅल्शियम, सीलिएक, पाळी जाण्याआधीची वर्षं, नैराश्य. रक्तदाबाच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही सुस्ती येते. घोरणं मोठं असेल, श्वास अडकून जाग येत असेल, आठ तास झोपूनही सकाळी अंग जड असेल, तर झोपेतला श्वासविकार तपासायला हवा. तो रक्ताच्या कुठल्याच तपासणीत दिसत नाही.

एक दुर्मीळ पण लक्षात ठेवण्यासारखा आजार : मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रीनल ग्रंथींचा ॲडिसन. वजन घटतं, रक्तदाब कमी राहतो, उभं राहताना चक्कर येते, मीठ खावंसं वाटतं, त्वचा काळवंडते. यात टीएसएचही थोडं वाढलेलं दिसू शकतं, आणि कॉर्टिसोल (याच ग्रंथींचं हार्मोन) न बघता थायरॉइडची गोळी सुरू केली तर तब्येत एकदम ढासळू शकते. ‘बघू तर घेऊन’ म्हणून दुसऱ्याची थायरॉइडची गोळी घेऊ नये, याचं हे एक कारण. दुसरं हृदयाचं : जादा हार्मोनमुळे ठोके अनियमित होतात आणि हाडं विरळ होतात.

६. डॉक्टरांसमोर एक पान ठेवा

पूर्ण डायरी नको. सर्वांत छळणारी तीन लक्षणं, केव्हापासून, जुने आकडे, सगळ्या गोळ्या. निदान स्वतःच जाहीर करून टाकलं की समोरच्याचा विचार तिथेच थांबतो किंवा वाद सुरू होतो. मी दोन वर्षं ‘मला थायरॉइड वाटतंय’ अशीच सुरुवात करायचे. त्याऐवजी हे विचारून बघा : ‘डॉक्टर, हे थायरॉइडमुळे नसेल तर तुमच्या मनात दुसरं काय येतं? आणि ते आहे की नाही हे कशानं कळेल?’

‘टेन्शनमुळे असेल’ असं उत्तर आलं तर चिडू नका, आणि तेवढ्यावर उठूही नका. ते खरंही असू शकतं. ‘असेल, पण त्यासाठी काय उपचार करू, आणि सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर पुढे काय?’ असं विचारा. पुढची तारीख ठरवूनच बाहेर पडा. तरीही ऐकून घेतलं जात नसेल तर रिपोर्टची फाइल उचलून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोच कसला?

७. गोळी सुरू आहे आणि तरी बरं वाटत नाही

१८९१ मध्ये जॉर्ज मरी या इंग्रज डॉक्टरांनी मंदावलेल्या थायरॉइडच्या एका रुग्ण स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती पुढे २८ वर्षं जगली. आजची लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे बनवलेल्या टी-४ ची, गोळी त्याच कल्पनेची शुद्ध, मोजूनमापून दिलेली आवृत्ती. उपाय इतका जुना आणि साधा, पण ती घेण्याच्या पद्धतीत फार घोळ होतात.

रिकाम्या पोटी, पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा ते एक तास काही नाही, कॉफीसुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर. सकाळ जमत नसेल तर रात्री, जेवणानंतर तीन तासांनी. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच तपासायचं, कारण टी-४ रक्तात निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस घेतं. दोन आठवड्यांत तपासून घाबरण्यात काही हशील नाही. कंपनी बदलली तर तारीख लिहून ठेवा.

वजनाबद्दल मात्र अपेक्षा आवरा. मंदावलेल्या थायरॉइडमुळे वाढलेलं वजन बहुधा दोन ते पाच किलो असतं आणि त्यातलं बरंच पाणी आणि मीठ. पंधरा किलोचा दोष एकट्या थायरॉइडवर टाकता येत नाही. केस परतायला काही महिने लागतात. टीएसएच नीट असूनही काही रुग्णांना पूर्ण बरं वाटत नाही, हेही खरं. मग पाचवी पायरी त्यांच्यासाठीही लागू होते, आणि ते संपल्यावर टी-३ जोडून बघण्याचा विषय हार्मोनतज्ज्ञांशी बोलायचा. अभ्यासांचे निकाल त्याबाबत एकमुखी नाहीत.

‘थायरॉइड सपोर्ट’ नावाच्या डब्या टाळा. त्यातल्या काहींमध्ये खरोखरचं थायरॉइड हार्मोन सापडलेलं आहे, आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्यांतलं जादा आयोडीन थायरॉइडला दोन्ही दिशांनी बिघडवू शकतं.

८. उत्तर मिळेपर्यंतचे दिवस

तपासण्यांच्या मध्ये आठवडे जातात आणि आयुष्य थांबत नाही. अवघड कामं दिवसातल्या बऱ्या तासांत घ्या. बऱ्या दिवशी साचलेलं सगळं उरकायचा मोह आवरा, दुसऱ्या दिवशी तो वसूल होतो. घरच्यांना ‘बरं नाही’ एवढंच न सांगता नेमकं सांगा : ‘या महिन्यात संध्याकाळची कामं माझ्याकडे नकोत.’

मला लोह सुरू झाल्यावर दुपारची झोप दोन महिन्यांत गेली, केसांना आठ महिने लागले. थंडी मात्र अजून वाजते. त्यासाठी पुढच्या महिन्यात पुन्हा भेट ठरली आहे, आणि या वेळी मी टीएसएच मागणार नाही.