मोबाइलवर बी.ए.चा अभ्यास: मला काय जमलं

राहतो भुसावळला, जळगावच्या एमआयडीसीत डाळमिलचे हिशोब बघतो आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतोय. १९८९ साली सुरू झालेलं हे विद्यापीठ आमच्यासारख्या नोकरदारांसाठी मोठा आधार आहे. अडचण पुस्तकांच्या पीडीएफची होती. पान मोठं केलं की अर्धी ओळ बाहेर, आणि रोजच्या जळगावच्या गाडीत रेंज जाते-येते.

आता रात्रीच एकेक घटक फोनमध्ये उतरवून ठेवतो. पानाच्या कडा कापल्या आणि फोन आडवा धरला की ओळ पूर्ण दिसते. खरा फरक मात्र आवाजाने पडला. घटक वाचून झाला की पुस्तक मिटून, आठवेल तसं रेकॉर्डरमध्ये बोलतो. जिथे अडखळतो तेवढंच परत वाचतो. गाडीत दाराशी उभं राहायची वेळ आली तरी इअरफोन लावून ते ऐकता येतं. डेटाही लागत नाही. व्याकरणाला हा उपाय चालत नाही, त्याला वहीच हवी.