पावसाळ्यात म्हशीची कास सांभाळा, ट्यूब अर्धवट सोडू नका

भाऊहो, श्रावण लागला, गोठ्यात काळ्या मातीचा नुसता राडा आणि म्हैस त्याच चिखलात कास टेकून बसते, म्हणून रावेर-यावल काय नि शिरपूर-शहादा काय, दगडी, म्हणजे कास सुजून दुधात गाठी येण्याचा आजार, सुरू व्हायचे हेच दिवस.

माझंच सांगतो. मागच्या वर्षी म्हशीचं मागचं डावं सड सुजलं, काळ्या फडक्यावर धार मारली तर दह्यासारख्या गाठी. दुकानात विचारून सडात सोडायच्या औषधाच्या ट्यूबा आणल्या, दोन सोडल्या, गाठी गेल्या म्हणून बंद केलं. दहा-बारा दिवसात सड परत दगड, आणि आता तीच ट्यूब सोडून काहीच फरक नाही! शेजारचे आप्पा म्हणे, "आते डॉक्टरले बलाव." डॉक्टरांनी आधी दूध तपासायला पाठवलं, तर जंतू ट्यूबमधल्या पेनिसिलिनला दादच देत नव्हते.

असं का होतं बघा. पेनिसिलिन जंतूला त्याच्या अंगाभोवतीची भिंत बांधू देत नाही, भिंत कच्ची राहिली की तो फुटतो. पण लाखोंमध्ये थोडे आधीच दणकट असतात, कोणाकडे पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम असतं, कोणी औषध पंपासारखं बाहेर फेकतो. अर्धवट डोसात कच्चे मरतात, दणकट उरतात, आणि सोयीचं वातावरण मिळालं तर काही जंतू 20 मिनिटात दुप्पट होतात. वर हा गुण ते दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतात, म्हणजे गोठ्यातलं दुखणं माणसापर्यंत येऊ शकतं. कोलिस्टिन हे माणसाचं अगदी शेवटचं राखीव औषध, 2019 ला सरकारने जनावरं-कोंबड्यांसाठी बंद केलं ते त्यामुळेच.

म्हणून गाठ दिसली की पहिलं इंजेक्शन द्यायच्या आधी सॅम्पल घ्या, सड स्पिरिटने पुसून, पहिल्या धारा सोडून, दवाखान्यातल्या निर्जंतुक बाटलीत, आणि बर्फात ठेवून लगेच पोचवा. मग डॉक्टर सांगतील तितके दिवस ट्यूब, एकही कमी नाही.

औषध चालू असताना आणि नंतर लेबलवर लिहिलेले दिवस चारही सडांचं दूध डेअरीला नको, पारडूलाही नको. अशा दुधाला विरजण लावून बघा, दही नीट लागत नाही, कारण औषध दह्याच्या जंतूलाही सोडत नाही.

आजारी म्हैस सगळ्यात शेवटी पिळा, हात धुवा. पिळल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच पुढे हिरवा चारा टाका, अर्धा तास उभी राहिली की सडाचं तोंड मिटतं, मग खुशाल बसू द्या.