घरचा वाटा आधी, आडत नंतर: दिवाळीनंतरची बेगमी

दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, पैसे आले तसे गेले पण, आणि आता घरात बघितलं तर डब्यात काय आहे? आमच्या बार्शी भागात निम्म्या घरांची हीच गत बघा. ट्रॉली भरून सगळा माल आडतीला टाकायचा आणि संक्रांतीला त्याच सोयाबीनचं तेल, त्याच तुरीची डाळ दुकानातनं पिशवीत घेऊन यायची. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्रानं खाद्यतेलाच्या आयातीवरचा कर वाढवला, कच्च्या तेलाचा ५.५ टक्क्यांवरून २७.५ वर नेला, ऐन सणात तेलाचा डबा महागला, आणि सोयाबीन? ते क्विंटलला ४८९२ रुपयांच्या हमीभावाच्या खालीच विकलं गेलं. म्हणजे विकताना पण आपण मेलो आणि विकत घेताना पण आपणच.

म्हणून ह्या वर्षी एकच सांगणं आहे, पोती गाडीत चढायच्या आधी घरचा वाटा बाजूला काढा. उरलं ते विका. उलटं करू नका.

वाटा किती काढायचा त्याचा अंदाज बायकांना असतो पण विचारतं कोण? मी वहीत मांडलंय ते सांगते. आम्ही सहा माणसं, ज्वारी रोज दीड किलो लागते म्हणजे महिन्याला ४५ किलो, नवी शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी येणार फेब्रुवारी-मार्चला, तोपर्यंतचे चार महिने धरले तर १८० किलो, म्हणजे दोन पोत्याला थोडी कमी. त्यात पाहुणे, कामाला येणाऱ्या बायकांची न्याहारी, एखादी जत्रा, म्हणून दोन पोती पूर्ण धरायची. डाळ रोज पाव किलो, वर्षाला ९० किलो. शंभर किलो तुरीची घरच्या घरी ७० ते ७५ किलो डाळ पडते, म्हणजे सव्वा क्विंटल तूर घरासाठी राखली पाहिजे. आम्ही एका वर्षी सगळी तूर जानेवारीत आडतीला घातली कारण पाइपलाइनचं देणं होतं, आणि पुढं आषाढापर्यंत दर महिन्याला डाळ विकत आणली. ती वही अजून आहे माझ्याकडं, विषय निघाला की आमचे हे उठून बाहेर जातात.

आता म्हणाल पैशाची नड असते त्याचं काय. खरं आहे. पण नड आहे म्हणून सगळाच माल काढायला पाहिजे असं नाही. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बाजार समित्यांमार्फत १९९० पासून चालू आहे, माल समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, ६ टक्के व्याज, मुदत सहा महिने. सोयाबीन, तूर, हरभरा, करडई, ज्वारी, हळद, बरीच पिकं त्यात बसतात. आपल्या समितीत योजना चालू आहे का ते आधी जाऊन विचारा, सगळीकडं सारखं चालत नाही. आणि हमीभाव केंद्रावर घालायचं असेल तर २०२५-२६ ला सोयाबीन ५३२८ आणि तूर ८००० जाहीर झाले होते, पण तिथं ओलावा बघतात, साधारण १२ टक्क्यांच्या आत लागतो, ओलं घेऊन गेलात तर काट्यावरनं परत. सप्टेंबरात पाण्यात बसलेलं सोयाबीन असेल तर ते वेगळं ठेवा, चांगल्यात मिसळू नका, डागी दाण्यानं सगळ्या ढिगाचा रेट पडतो. बियाणासाठी तर ते अजिबात धरू नका.

साठवणीचं मात्र नीट बोलू, कारण वाटा काढला आणि किड्यानं खाल्ला तर काय उपयोग.

धान्य वाळलंय का हे बघायला मशीन नको. दाणा दाताखाली धरा, कटकन फुटला पाहिजे, चेपला तर ओला. दुसरी युक्ती मिठाची. काचेची कोरडी बाटली घ्यायची, त्यात थोडं तव्यावर भाजून गार केलेलं कोरडं मीठ आणि तीन-चार मुठी धान्य टाकायचं, झाकण लावून चांगलं हलवायचं आणि दहा मिनिटं ठेवून द्यायची. मीठ काचेला चिकटून राहिलं तर धान्यात ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, अजून ऊन पाहिजे. नाही चिकटलं तरी एक-दोन उन्हं जास्तीची द्याच, कोठीत घालायला १० ते १२ टक्के बरं. थंडीत संध्याकाळी दव पडतं तेव्हा चार वाजताच ताडपत्री ओढायची, नाहीतर दिवसभर वाळवलेलं रात्रीत परत ओलं.

आणि गरम धान्य कोठीत भरू नका! हे मी माझ्या हातानं केलंय. तीन वर्षांमागं गहू उन्हातनं उचलला तो थेट पत्र्याच्या कोठीत ओतला, झाकण बसवलं, मोकळी झाले. दसऱ्याला उघडला तर वर ढेपच्या ढेप, काळी, वास मारणारी, झाकणाला आतनं पाणी सुटून तेच पाणी वरच्या थरावर गळत राहिलेलं. दीड-दोन पायल्या कोंबड्यांनासुद्धा घालता आला नाही. बुरशीचं धान्य जनावराला पण घालू नका बरं का, अंगात भिनतं ते. आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, पेवात म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात धान्य घालायचो तेव्हा सुद्धा रात्रभर गार करून घालायचो. तर संध्याकाळी गोळा करा, रात्र घरात पसरून ठेवा, सकाळी भरा.

पोती जमिनीवर नको, खाली फळ्या किंवा विटा, भिंतीपासनं हातभर लांब. जुनी गोणपाटं उकळत्या पाण्यातनं काढून कडक वाळवून घ्या, गेल्या वर्षीचे किडे त्याच शिवणीत बसलेले असतात. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थराथरात घालतात तो चालतो. हल्ली हवाबंद जाड प्लास्टिकच्या पिशव्या मिळतात, आतली हवा संपली की किडा आतच मरतो, औषध काही लागत नाही, फक्त उंदरानं भोक पाडलं की संपलं. पण त्या गोळ्या, धान्यात टाकायच्या, त्या राहत्या घरात आणूच नका. विषारी गॅस सुटतो, बंद खोलीत माणसं झोपतात तिथं कोठी असते आपल्याकडं. दुकानदार कागदात बांधून देतो म्हणून ती सुरक्षित होत नाही.

तुरीचं वेगळं आहे. भुंगा शेतातनंच येतो, शेंगेवर अंडी असतात, त्यामुळं कितीही स्वच्छ कोठी असली तरी अख्खी तूर भुंगते. उपाय म्हणजे डाळ करून ठेवणं. भुंग्याची अळी दाण्याच्या आत वाढते, दाणा फुटला की तिला घरच राहत नाही. तेल-पाणी लावून, एक रात्र ढीग घालून, उन्हं देऊन जात्यावर भरडायची आपली पद्धत आहेच, नाहीतर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल जवळपास कुणा बचत गटाकडं असेल तर तिथनं काढून आणा. चुनी-कोंडा घरी आणायला विसरू नका, शेळ्यांना होतो. अख्खी ठेवायचीच असेल तर किलोला एक चमचा, म्हणजे ५ मिलीच्या आसपास, खायचं तेल चोळून ठेवा. मटकी, मूग, हरभरा सगळ्याला हेच.

आता कांदा-लसूण. उन्हाळी कांदा चाळीत असेल तर तो आता शेवटाला आलाय, कोंब यायला लागलेत, चाळीत ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत तीस-चाळीस टक्के घट होतेच. रोज हात फिरवा, कोंब आलेले आधी खायला काढा, नासका एक सुद्धा ठेवू नका. नवा लाल कांदा येतोय पण तो टिकत नाही, महिनाभर फार तर, तेव्हा स्वस्त दिसला म्हणून पोतं आणून कोपऱ्यात टाकायचं काम नाही, पंधरा दिवसांपुरता घ्या. साठवायचा तो एप्रिलमधला. हा मधला काळ दरवर्षी कांद्याला डोक्यावर बसवतो, २०१९ च्या डिसेंबरात किरकोळला किलोचे शंभराच्या वर गेलेले आठवत असेल. कांदा जास्तीचा असेल तर उभा चिरून कडक वाळवून बरणीत भरा, काळ्या मसाल्याला आणि वाटणाला तोच लागतो.

लसणाकडं आपलं लक्षच नसतं. २०२४ मध्ये किलोला चारशे झाला तेव्हा आमच्या गल्लीत लोकांनी फोडणीत पाकळ्या मोजून टाकल्या. लावायचा ऑक्टोबर-नोव्हेंबरला, निघायचा फेब्रुवारी-मार्चला, म्हणून हिवाळ्यात जुना संपलेला आणि नवा जमिनीत, भाव चढणारच. घराला वर्षाला दहा-बारा किलो बास होतो. पाव गुंठा जागा, विहिरीजवळची, पाण्याचा निचरा होणारी, तिथं सव्वा किलो पाकळ्या टोकायच्या, दोन ओळीत १५ सेंमी आणि दोन पाकळ्यांत १० सेंमी, टोक वर, दोन बोटं खोल. मोठ्या बाहेरच्या पाकळ्याच लावा, मधल्या बारक्या चटणीला ठेवा. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची भीमा पर्पल, भीमा ओंकार, राहुरीची फुले बसवंत, जे खात्रीचं मिळेल ते. चार-साडेचार महिने लागतात. नीट आला तर पंधरा-वीस किलो निघतो, पातीसकट वेणी घालून वाऱ्याला टांगायचा. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका, उशीर झाला की गड्डी बारकी राहते.

तिथंच बांधाला मेथी, पालक, कोथिंबीर टाका, पण सगळी एकदम नको. दर दहा-बारा दिवसांनी एक वाफा, म्हणजे पहिली काढेपर्यंत दुसरी तयार. धने हातानं रगडून दोन भाग करून टाकायचे. वाटाणा, वाल, पावटा कुंपणाला सोडा. शेवग्याची शेंग थंडीत मिळणार नाही, मिळाली तर भाव ऐकून परत ठेवाल, गारठ्यात फूल टिकत नाही त्याला. पाला मात्र असतो की, तो खा, वाळवा.

सगळ्यात फुकटातली गोष्ट म्हणजे हरभऱ्याची भाजी. पीक महिनाभराचं झालं, फुलं यायच्या आधी शेंडे खुडायचे, त्यानं फुटवे पण जास्त येतात, म्हणजे पिकाला फायदाच. खुडताना बोटांना आंब लागते, जीभ लावली की खारट-आंबट, दुपारपर्यंत बोटं चरचरतात, पण सकाळच्या दवात खुडू नका, पाला काळा पडतो. दहानंतर ऊन चढलं की जा. औषध फवारलं असेल तर त्या पट्ट्यात जायचं नाही. खुडलेली भाजी सावलीत कापडावर पातळ पसरायची, दोन-तीन दिवसांत कुरकुरीत होते, मग हातानं चुरून बरणीत. मे-जूनमध्ये भाजीला काही नसतं तेव्हा मूठभर ही भाजी, मूठभर भिजवलेली डाळ, लसूण, शेंगदाण्याचं कूट. मेथीचं पण असंच करा.

जनावराचं विसरू नका, त्याचा उन्हाळा आपल्या आधी सुरू होतो. कडबा फेब्रुवारीला येईल, तो पण विकून मे महिन्यात शेकडा पेंढ्यांना दुप्पट भाव देऊन परत घ्यायची सवय आहे आपल्याला. सोयाबीनची गुळी म्हणजे मळणीचा भुसा जाळू नका, झाकून ठेवा, कडब्यात थोडी थोडी मिसळून चालते. पाणी असेल तर दोन गुंठे लसूणघास आत्ता टाका, वर्षभर कापण्या देतो. मका असेल तर दाणा चिकात आला की मुरघास करा, बॅगेत चांगला दाबून, हवा राहता कामा नये, ४५ दिवसांनी उघडायचा.

तूर निघाली की तुराट्या रचून ठेवा, बंबाला आणि चुलीला त्याच, सिलेंडर दोन आठवडे जास्त जातो. पऱ्हाटीचा म्हणजे कापसाच्या काड्यांचा ढीग मात्र शेताजवळ वर्षभर ठेवू नका, बोंडअळीचे कोष त्यातच राहतात आणि पुढच्या कापसाला तीच अळी.

खताचं जाता जाता सांगते. गहू-हरभऱ्याच्या टायमाला डीएपी, म्हणजे नत्र-स्फुरदाचं खत, गायब होतं आणि मग दुकानदार म्हणतो, पोतं देतो पण सोबत ही बाटली घ्या. आमच्या ह्यांनी एकदा १३५० च्या पोत्याबरोबर नको असलेलं साडेचारशेचं टॉनिक आणलं, ते अजून माळ्यावर आहे. असं लिंकिंग करता येत नाही, पक्कं बिल मागा, देत नसेल तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी द्या. आणि डीएपीवाचून अडत नाही. एका पोत्याऐवजी तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट आणि २० किलो युरिया टाकला की स्फुरद-नत्राचा हिशोब जवळपास तोच बसतो, वर गंधक मिळतं जे लसणाला आणि करडईला हवंच असतं. ओढायला जड पडतं एवढंच.

रेशनकार्डाची ई-केवायसी घरातल्या सगळ्यांची झाली का ते ह्याच आठवड्यात बघा, पुण्याला कामाला असलेल्या पोराची राहिलेली असते हमखास, तो दिवाळीला येऊन गेला तेव्हा अंगठा द्यायचा राहिला, आता थेट संक्रांतीला येणार.