बीओएममधले आयटम नंबर सांभाळायचे कसे

असेंब्ली ड्रॉइंगवरच्या बीओएममध्ये (बिल ऑफ मटेरियल्स, म्हणजे पार्टची यादी) मधेच एक वॉशर घातला की खालचे सगळे आयटम नंबर एकने सरकतात, आणि मग असेंब्लीवाल्याच्या इन्स्ट्रक्शन शीटवर "आयटम १४ बसवा" लिहिलेलं असतं पण नव्या ड्रॉइंगवर १४ म्हणजे दुसरंच काहीतरी झालेलं असतं. म्हणून पहिला नियम हाच की ड्रॉइंग एकदा रिलीज झालं (मंजूर होऊन कामाला गेलं) की आयटम नंबर गोठवायचे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पार्ट नंबर हा त्या वस्तूचा, कुठल्याही ड्रॉइंगवर गेली तरी तोच राहतो. आयटम नंबर फक्त ह्या ड्रॉइंगपुरता, बलूनवरून (ड्रॉइंगवर पार्टला रेघेने जोडलेला नंबराचा गोल) बीओएमची ओळ सापडावी एवढंच त्याचं काम (अमेरिकन एएसएमई पद्धतीत ह्यालाच फाइंड नंबर पण म्हणतात). त्यामुळे खरेदी, स्टोअर्स वगैरे सगळं पार्ट नंबरवर चालवा, आयटम नंबरवर पीओ (खरेदीची ऑर्डर) काढू नका. आणि सारखाच बोल्ट चार ठिकाणी असेल तर चारही बलूनवर एकच नंबर, क्वांटिटी ४, आयएसओ ६४३३ हे ड्रॉइंगचं स्टँडर्ड पण हेच सांगतं.

नंबर देताना मला १०, २०, ३० अशी दहाची उडी आवडते कारण नंतर काही घुसवायचं झालं तर २५ देऊन मोकळं होता येतं, बाकी कुणाला हात लावावा लागत नाही. क्रम शक्यतो जोडणीचा ठेवा, आधी बेस, मग त्यावर बसणारे पार्ट, मग बेअरिंग वगैरे विकत आणायच्या गोष्टी, फास्टनर (नट, बोल्ट, वॉशर) शेवटी. ग्रीस, थ्रेड लॉकर (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद) ह्यांचं कॅडमध्ये मॉडेल नसतं म्हणून ते हमखास राहून जातात, त्यांना पण ओळ आणि नंबर द्या.

रिव्हिजनमध्ये एखादा पार्ट काढला तर त्याचा नंबर दुसऱ्याला देऊ नका. ओळ तशीच ठेवून "रद्द" लिहा. हे दिसायला थोडं घाण दिसतं मान्य आहे, पण जुनी प्रिंट हातात असलेल्या माणसाला चुकीचा पार्ट बसवण्यापासून हेच वाचवतं.

सॉलिडवर्क्स हे कॅड सॉफ्टवेअर वापरत असाल तर बीओएमच्या प्रॉपर्टीमध्ये "डू नॉट चेंज आयटम नंबर्स" हा चेकबॉक्स आहे, रिलीजच्या आधी तो टिक करा, मग ओळी वरखाली केल्या तरी नंबर आपापल्या पार्टला चिकटून राहतात. उडी किती घ्यायची ते पण तिथेच सेट होतं. बलूनमध्ये नंबरऐवजी * दिसला तर समजा की तो पार्ट त्या बीओएममध्ये नाहीये किंवा बलून भलत्याच बीओएमला जोडलाय. इन्व्हेंटर ह्या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये नंबर शक्यतो असेंब्लीच्या बीओएम एडिटरमध्ये बदला, नुसत्या ड्रॉइंगच्या पार्ट्स लिस्टमध्ये ओव्हरराइड केलं आणि ते बीओएममध्ये सेव्ह केलं नाही तर दोन्हीकडे वेगळे नंबर होऊन बसतात. बलूनमध्ये हाताने नंबर टाइप करणं तर कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये करू नका, लिंक तुटते आणि पुढच्या बदलात कोणाच्या लक्षातही येत नाही.

सब-असेंब्ली (आधी वेगळा जोडून घेतलेला पार्टचा गट) असेल तर वरच्या ड्रॉइंगवर तिला एकच नंबर द्या, आतले पार्ट तिच्या स्वतःच्या ड्रॉइंगवर येऊ देत. ३.१, ३.२ अशी उतरंड फक्त सगळं एकाच शीटवर दाखवायचं असेल तेव्हा ठीक आहे.

आणि हो, ही उतरंड एक्सेलमध्ये नेताना त्या कॉलमचा फॉरमॅट आधी टेक्स्ट करून घ्या, मगच भरा. नाहीतर १.१० चं १.१ होतं आणि दहावा पार्ट पहिल्याच्या नंबरवर जाऊन बसतो. टेक्स्ट केल्यावर सॉर्ट मात्र १.१, १.१०, १.२ असा येतो, त्यामुळे पाहिजे तर १.०१, १.०२ असे दोन आकडी नंबर सुरुवातीपासूनच द्या.