जुनी माझदा आरएक्स-८ घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर

ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळणाऱ्या आपल्या मंडळींना माझदा आरएक्स-८ ची किंमत पाहून नवल वाटते. २००३ मध्ये वर्षातील सर्वोत्तम इंजिनाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळवलेली, मागच्या चाकांवर चालणारी ही देखणी कूपे आज साधारण दोन-अडीच हजार पौंडांत मिळून जाते. ती इतकी स्वस्त का, याचे उत्तर बॉनेटखाली आहे. इंजिनाचे काम निघाले, तर तीन ते पाच हजार पौंडांची तयारी ठेवावी लागते, म्हणजे गाडीच्या किमतीहून जास्त. मी ही गाडी मनापासून आवडीने चालवतो आणि म्हणूनच आग्रहाने सांगतो, की कॉम्प्रेशनचे, म्हणजे इंजिनात तयार होणाऱ्या दाबाचे, आकडे हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

या गाडीचे इंजिन रोटरी जातीचे आहे, त्यात पिस्टन नसतात. अंडाकृती पोकळीत तीन बाजूंचा रोटर फिरतो आणि असे दोन रोटर मिळून १३०८ सीसी होतात. रोटरच्या तिन्ही टोकांवर बसवलेल्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, आणि कडेचे सील झिजले किंवा काजळीने अडकले, की दाब टिकत नाही. साध्या गॅरेजमधील कॉम्प्रेशन गेज येथे उपयोगाचा नाही, कारण तो तीन बाजूंपैकी सर्वात चांगल्या बाजूचा दाब दाखवतो आणि बिघडलेली बाजू झाकली जाते. रोटरी इंजिनासाठी खास यंत्र लागते, जे प्रत्येक रोटरचे तीन, असे एकूण सहा आकडे देते. मिनिटाला २५० फेऱ्यांच्या वेगाला सुमारे ८.३ बार (बार हे दाबाचे एकक) हा उत्तम दाब आणि ६.८ बार ही किमान मर्यादा मानतात. एकाच रोटरच्या तीन बाजूंत दीड बारहून, तर दोन रोटरमध्ये एक बारहून जास्त फरक नसावा. चाचणी इंजिन गरम असतानाच व्हावी आणि कागदावर दाबाशेजारी फेऱ्यांचा आकडाही असावा, कारण स्टार्टर जोरात फिरला की दाब आपोआप जास्त दिसतो. ज्या कागदावर फेऱ्या लिहिलेल्या नाहीत, तो मी ग्राह्य धरत नाही.

चाचणीआधी घरच्या घरी करता येणारी एक परीक्षा आहे. गाडी पाहायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले, तर विकणाऱ्याने गाडी आधीच चालू करून ठेवली होती असे समजावे आणि पुन्हा वेळ मागून घ्यावी. थंड गाडी चालू करून वीसेक मिनिटे चालवावी, बंद करावी, दहा मिनिटे गप्पा माराव्यात आणि मग सेल्फ मारावा. इंजिन तापलेले असताना गाडी लगेच उठली तर ठीक. सेल्फ लांबत गेला आणि गाडी कशीबशी चालू झाली, तर कॉम्प्रेशन उतरले आहे असेच धरून चालावे.

घेतल्यावर सर्वात आधी एक सवय मोडावी लागते. थंड इंजिन चालू करून गाडी दोन-चार फूट हलवायची आणि लगेच बंद करायची, हे या गाडीला चालत नाही. एका रविवारी धुण्यासाठी म्हणून मी गाडी घरासमोरच्या जागेतून पुढे घेतली आणि अर्ध्या मिनिटात बंद केली. संध्याकाळी सेल्फ मारला, तर इंजिन नुसतेच वेगाने गरगरत राहिले, एकदाही पकडले नाही, आणि सायलेन्सरजवळ पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला. थंड इंजिनात जादा सोडलेले पेट्रोल जळायच्या आत गाडी बंद झाल्याने प्लग भिजले होते आणि सीलवरचे तेल धुतले गेले होते. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा, त्याने पेट्रोल थांबते, आणि आठ-दहा सेकंदांचे सेल्फ मधे विश्रांती देत मारावेत. तरीही जमले नाही, तर प्लग काढून वाळवावेत. माझी गाडी बॅटरीला दुसऱ्या गाडीचा आधार दिल्यावर चौथ्या प्रयत्नात धूर ओकत उठली. तेव्हापासून एकदा चालू केलेली गाडी तापमानाचा काटा मध्यावर आल्याशिवाय मी बंद करत नाही. अशक्त बॅटरी आणि थकलेला स्टार्टर ही या दुखण्याची नेहमीची कारणे आहेत, तेव्हा त्यांवर कंजुषी करू नये.

ही गाडी ऑइल खाते आणि तो बिघाड नव्हे. सीलना वंगण मिळावे म्हणून एक छोटा पंप मोजून-मापून ऑइल इंजिनात सोडतो आणि ते जळते. त्यामुळे दर दुसऱ्या पेट्रोल भरण्याला, सपाट जागेवर, डिपस्टिक पाहावी आणि डिकीत एक लिटरचा कॅन ठेवावा. माझ्या मते पाच-सहा हजार किलोमीटरला ऑइल बदलणे हा या गाडीवरचा सर्वात सार्थ खर्च आहे. इंजिन नीट तापल्यावर अधूनमधून फेऱ्या वरपर्यंत नेणेही गरजेचे, कारण कायम हळू चालवलेल्या इंजिनात काजळी साठून कडेचे सील अडकतात.

दुसरे हमखास दुखणे इग्निशन कॉइलचे. चार कॉइल आणि चार प्लग असतात. वरचे आणि खालचे प्लग वेगळ्या जातीचे असून त्यांची अदलाबदल चालत नाही. कॉइल कमजोर झाली की पिकअप कमी होते, गाडी झटके देते आणि न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. तेथील जाळी वितळून वाट बुजते, उष्णता मागे इंजिनात साचते आणि सीलचे आयुष्य संपते. काही पौंडांच्या कॉइलकडे दुर्लक्ष केल्याने हजारोंचे इंजिन गेल्याच्या कथा याच वाटेने घडतात. दर पन्नास हजार किलोमीटरच्या आसपास कॉइल, वायर आणि प्लग एकत्रच बदलावेत.

तापमानाचा काटा फसवा आहे: इंजिन बरेच तापेपर्यंत तो मध्यावरच स्थिर राहतो. ओबीडीला, म्हणजे गाडीच्या संगणकाची माहिती वाचण्याच्या सॉकेटला, जोडायचे स्वस्त उपकरण घेऊन खरा आकडा पाहत जावा आणि कूलंटची प्लॅस्टिकची टाकी तडकलेली नाही ना, ते तपासावे. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे मागच्या चाकांवरच्या कमानी, दारांखालचे पत्रे आणि ऑइल कूलरकडे जाणारे नळ गंजतात. आपल्याकडे ज्याला पासिंग म्हणतात त्या एमओटीचा इतिहास नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. गंजाचे शेरे वर्षानुवर्षे कसे वाढत गेले, ते तेथे स्पष्ट दिसते.

चालू खर्चात पेट्रोल आहेच: लिटरला सात किलोमीटर मिळाले तर समाधान मानावे. रोड टॅक्सची गोष्ट मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. २३ मार्च २००६ पूर्वी नोंदलेल्या गाडीला कराला वरची मर्यादा आहे आणि सध्या वर्षाला चारशेहून थोडे जास्त पौंड पडतात. त्या दिवसापासून पुढे नोंदलेल्या, अगदी तशाच गाडीला सातशेहून जास्त. म्हणून २००६ ची गाडी असेल, तर लॉगबुकवरील, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरील, नोंदणीची तारीख नीट वाचावी. परत जाताना ही गाडी भारतात नेण्याचा विचारही मनात आणू नये. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी तेथे आयात करता येत नाही.

आकडे किमान मर्यादेच्या खाली आले, तरी गाडी सोडूनच द्यावी असे नाही. पत्रा निरोगी असेल, तर विकणाऱ्यासमोर तो कागद ठेवावा, रोटरी इंजिनाचेच काम करणाऱ्या गॅरेजकडून लेखी अंदाज घ्यावा आणि तेवढी रक्कम वजा करून बोलणी करावीत. पत्रा गंजलेला असेल, तर कितीही कमी किमतीत ती घेऊ नये.