मुकुट मिळाल्यानंतरची सकाळ: राजघराण्याच्या फँटसीचा दुसरा भाग लिहिताना या चुका टाळा

पहिल्या भागाच्या शेवटी जुलमी राजा गेला आणि सतरा वर्षांच्या नायिकेच्या डोक्यावर मुकुट आला. दुसऱ्या भागाची बरीच हस्तलिखितं उघडली की लगेच सीमेवर नवा शत्रू येऊन ठेपलेला असतो, आधीच्या राजापेक्षा दुप्पट क्रूर. सगळ्यात मोठी चूक हीच. असा शत्रू आणला की पहिलाच भाग नाव बदलून पुन्हा लिहिला जातो. राज्य हाती आल्यावर तिचं काय झालं, ते वाचकाला हवं असतं आणि नेमकं तेच राहून जातं.

गाडी इथे अडली असेल तर बंड जिंकल्यानंतरची पहिली सकाळ लिहून काढा. कोठारात धान्य किती आहे? सैनिकांचा थकलेला पगार कोण देणार? बंडाच्या धामधुमीत नायिकेने कोणाकोणाला शब्द दिला होता? ते सगळे शब्द एका कागदावर मांडा. त्यातले निदान दोन एकमेकांच्या आड यायला हवेत. शेतकऱ्यांना करमाफी कबूल केली आणि सरदारांना त्यांचा खर्च भरून द्यायचंही कबूल केलं, तर राजकारण तिथेच सुरू झालं. बाहेरचा शत्रू लागतच नाही.

इंग्लंडमध्ये १३८१ साली डोईपट्टीमुळे शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा राजा दुसरा रिचर्ड अवघा १४ वर्षांचा होता. तो स्वतः बंडखोरांना सामोरा गेला, भूदासांना मुक्त करण्याच्या सनदा दिल्या, आणि धोका टळल्यावर त्याच सनदा रद्द केल्या. किशोर वाचकांसाठी याहून धारदार प्रश्न कुठला? दिलेला शब्द मोडणारा राजा त्यांच्याच वयाचा आहे. तुमची नायिका त्या जागी असती तर तिने काय केलं असतं, यावर अख्खा दुसरा भाग उभा राहू शकतो.

दुसरी चूक कारस्थानाची. कट रचणारा सर्वज्ञ असतो, त्याची प्रत्येक चाल बिनचूक पडते आणि शेवटच्या प्रकरणात तो सगळं स्वतःच समजावून सांगतो. खरे कट असे चालत नाहीत. १७७३ मधला नारायणराव पेशव्यांचा खून आठवा. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची गोष्ट आख्यायिका म्हणून बाजूला ठेवली, तरी तिच्यातली कथेची जाण पक्की आहे: धरायचा हुकूम मारायचा होतो, आणि कट रचणाऱ्याच्या हातात राहत नाही. गारद्यांचं दुखणं थकलेल्या पगाराचं होतं, राघोबादादांना गादी हवी होती. वाड्यात एकत्र आलेल्यांची कारणं वेगवेगळी होती. पुढे बारभाईंनी राघोबादादांना बाजूला सारलं आणि नारायणरावांच्या मागे जन्मलेल्या तान्ह्या मुलाला पेशवेपद मिळालं. तुमच्या कटातल्या प्रत्येकाला असं स्वतःचं कारण द्या. कट आपोआप फिसकटायला लागेल, आणि कथेत जीव येईल.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे वाचकापासून लपवणं. मी वाचलेल्या एका हस्तलिखितात मंत्री दार लावून पत्र वाचतो, लेखक मजकूर सांगत नाही, आणि दोनशे पानांनी मंत्री फितूर निघतो. वाचकाला हा धक्का वाटत नाही, फसवणूक वाटते. प्रसंग उघड्यावर आणा. मंत्री नायिकेसमोरच पत्राची मोहोर फोडतो, पत्र तिला वाचून दाखवतो, आणि लाखेचे तुकडे शेगडीत न टाकता अंगरख्याच्या खिशात ठेवतो. एवढंच. वाचकाने सगळं पाहिलेलं असतं. अर्थ तेवढा नंतर लागतो. हे सांभाळायला वहीत तीन रकाने आखा: पात्र, त्याला काय ठाऊक आहे, आणि त्याचा कोणता समज चुकीचा आहे. प्रत्येक प्रकरण संपलं की ती नोंद सुधारायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या अनुभवात गुंता सुटतो तो यानेच.

मागच्या भागाचा सारांश पहिल्या प्रकरणात कोंबू नका. दोन पात्रांना एकच जुनी घटना वेगवेगळी आठवू द्या. आठवणही होते आणि भांडणही लागतं. नायिका अडकली की तिला नवी जादुई शक्ती देणंही टाळा.

आणि संवाद. राज्याभिषेक झाला की सगळी पात्रं एकदम जड, पुस्तकी बोलू लागतात. आपल्या भाषेत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत, त्या वापरा. बंडाच्या दिवसांत जंगलात तिच्यासोबत एका भाकरीचे दोन तुकडे करून खाल्लेला मित्र भर दरबारात बोलता बोलता राणीला ‘तू’ म्हणून जातो. लेखनिकाचा बोरू थांबतो. सरदार एकमेकांकडे बघतात. मित्राच्याही लक्षात येतं, आणि तो तिच्याकडे बघत उभा राहतो.